लिऑन फ्लायशर: अति रियाजानं रुसलेला उजवा हात

लिऑन फ्लायशर या अमेरिकन ज्यू पियानोवादकाची गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकतात. ऐन भरात उजवा हात निकामी झाला, पण गड्यानं हार मानली नाही. तीस वर्षं एका हातानं वाजवलं आणि म्हातारपणी दोन्ही हातांनी परत आला. यातलं काही खोटं नाही. फक्त यातून जिद्दीचा धडा काढायला गेलं की पंचाईत होते, कारण त्यांचा हात गेला तो जिद्द कमी पडली म्हणून नाही. जिद्द फार झाली, हेच त्यामागचं एक मोठं कारण होतं. रियाजाला देव मानणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना हे पचायला जड आहे. म्हणून ही गोष्ट जरा सावकाश, मेंदू आणि बोटं यांच्या कामकाजासकट समजून घेऊ.

फ्लायशर यांचा जन्म 23 जुलै 1928 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. वडील ओडेसाचे, आई पोलंडमधली. वडिलांचा टोप्यांचा धंदा होता. घरात श्रीमंती नव्हती, पण पियानो होता. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. झारच्या रशियात ज्यूंना साम्राज्याच्या पश्चिम पट्ट्यातच राहायची परवानगी होती. मॉस्को, सेंट पीटर्सबर्गसारख्या शहरांत राहायचं तर खास कारण लागायचं, आणि संगीताच्या सरकारमान्य कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, प्रवेश हे असं एक कारण होतं. पोरानं व्हायोलिन किंवा पियानो नीट शिकला, तर त्याला ती हद्द ओलांडता येई. त्यामुळे ओडेसाच्या गल्लीबोळांत वाद्य शिकवणं ही हौस नव्हती, ती पोटापाण्याची आणि सुटकेची तजवीज होती. ही मंडळी अमेरिकेला गेली तेव्हा कायदा मागे राहिला, सवय सोबत आली.

लिऑनची आई या सवयीची अगदी अर्क. आईनं आपल्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते, असं फ्लायशर पुढे हसत सांगत: अमेरिकेचा पहिला ज्यू राष्ट्राध्यक्ष हो, नाहीतर मोठा पियानोवादक. शिकवणी खरं तर थोरल्या भावाची होती. शिक्षक गेले की भाऊ खेळायला पळायचा आणि धाकटा स्टुलावर चढून ऐकलेलं सगळं वाजवायचा. शिकवणी मग धाकट्याच्या नावावर झाली. तेव्हा तो चार वर्षांचा होता. आठव्या वर्षी त्यानं लोकांसमोर कार्यक्रम केला.

आता लिऑनचे गुरू, आर्टुर श्नाबेल. त्या काळातले बीथोवनचे सगळ्यांत मोठे वादक म्हणजे श्नाबेल, असं म्हटलं तर फारसं कुणी भांडणार नाही. बीथोवनचे पियानोसाठीचे 32 च्या 32 सोनाटे (एकट्या पियानोच्या मोठ्या रचना) रेकॉर्ड करणारे ते पहिले. 1932 ते 1935 या काळात लंडनमध्ये त्यांनी हे काम केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर घराणंही थेट होतं: बीथोवनचा शिष्य चेर्नी, चेर्नीचा शिष्य लेशेटिट्स्की, लेशेटिट्स्कींचे शिष्य श्नाबेल. ते ज्यू होते. बर्लिनमध्ये त्यांचा मोठा जम बसला होता, पण 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांनी जर्मनी सोडली ती सोडलीच. पुन्हा तिथे कधी वाजवलं नाही.

हे श्नाबेल सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवत नसत. सॅन फ्रान्सिस्कोतले कंडक्टर आल्फ्रेड हर्ट्झ यांनी लिऑनसाठी शब्द टाकून पाहिला, नकार आला. मग हर्ट्झ मंडळींनी चक्क डाव टाकला. श्नाबेल जेवायला आले होते. जेवणघराचं दार लावून घेतलं, आणि तेवढ्यात लिऑन आणि त्याची आई यांना तळघराच्या वाटेनं आत घेऊन पियानोपाशी आणलं. पाहुणे जेवून बाहेर येतात तो काय, पियानोवर नऊ वर्षांचा मुलगा बसलेला. आता ऐकण्यावाचून इलाज नव्हता. त्यानं लिस्टची एक रचना वाजवली, बीथोवनच्या एका कॉन्चेर्टोमधला (एक वादक आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायच्या रचनेतला) एकट्या पियानोचा तुकडा वाजवला, आणि श्नाबेलनी नियम मोडला. अट एकच: यापुढे जाहीर कार्यक्रम बंद. गुणी पोराला मंचावर नाचवून त्याचं वाटोळं करायचं नाही.

1938 च्या उन्हाळ्यात आईला घेऊन लिऑन इटलीत कोमो सरोवराकाठी ट्रेमेझो गावी पोहोचला. श्नाबेल तिथे राहत. एकाची शिकवणी चालू असताना बाकीचे सगळे शिष्य तिथेच बसून ऐकायचे, त्यामुळे एका शिकवणीत पाच-सहा जणांचं शिक्षण व्हायचं. आपल्या गुरूकडच्या बैठकीशी हे किती जुळतं, हे वेगळं सांगायला नको. पण हा मुक्काम थोडक्यात आटोपला. त्याच वर्षी मुसोलिनीनं ज्यूंविरुद्ध वंशवादी कायदे आणले. श्नाबेल इटलीतून निघाले आणि 1939 मध्ये अमेरिकेत आले. त्यांची म्हातारी आई व्हिएन्नातच राहिली होती. नाझींनी 1942 मध्ये तिला थेरेझिनश्टाटच्या छळछावणीत पाठवलं, तिथेच तिचा अंत झाला. लिऑन पुढची वर्षं न्यूयॉर्कमध्ये याच माणसाकडे शिकला. गुरूनं वर्गात हे बोलून दाखवलं असो वा नसो, ज्या जर्मन संगीतावर जीव लावायचा त्याच जर्मन भूमीनं आपली माणसं मारली, हा पेच त्या पिढीच्या प्रत्येक ज्यू कलावंतापुढे होता. श्नाबेलनी जर्मनी सोडली, बीथोवन सोडला नाही.

श्नाबेल शिकवत काय, हे पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात सगळे सूर आधीच लिहिलेले असतात. वादकानं आपल्या मनाची एक तान घ्यायची सोय नाही. मग वादकाचं म्हणून काय उरतं? कुठे वजन द्यायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठलं वाक्य कुठल्या सुराकडे चाललं आहे, दोन सुरांमध्ये किती थांबायचं. श्नाबेलचं म्हणणं असं की हे आधी डोक्यात स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. बोटांनी नुसता हुकूम पाळायचा. बोटांना एकटं सोडून तासन्‌तास घोटून घेण्याचा त्यांना तिटकारा होता.

फ्लायशरनी पुढे हीच शिकवण आपल्या शिष्यांना फार छान फोड करून सांगितली. ते म्हणत, वाजवणाऱ्याच्या आत तीन माणसं हवीत. पहिला माणूस सूर यायच्या आधीच तो कसा यायला हवा हे ऐकतो. दुसरा प्रत्यक्ष वाजवतो. तिसरा बाजूला बसून, जे आलं ते पहिल्याला हवं तसं आलं का हे तपासतो आणि दुसऱ्याला सांगतो. तिघेही सतत, एकाच वेळी कामावर. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं. दहा मिनिटांत घाम फुटतो.

तरुणपणीची कारकीर्द मी भरभर सांगतो, कारण ती सरळ चढती आहे. सोळाव्या वर्षी, 1944 मध्ये, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो, कंडक्टर पिएर माँत्यू. या मुलाला ‘शतकातला शोध’ म्हणणारे ते हेच. एकोणिसाव्या वर्षी श्नाबेलनी सांगितलं, आता तुझं तू बघ. त्यानंतर काही काळ फ्लायशर पार भरकटले, मग युरोपात जाऊन राहिले. 1952 मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले अमेरिकन. आणि मग क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे कडक शिस्तीचे कंडक्टर जॉर्ज सेल यांच्याबरोबर बीथोवनचे पाचही आणि ब्राम्सचे दोन्ही कॉन्चेर्टो रेकॉर्ड केले. साठ वर्षं उलटून गेली, तरी ‘यातलं कुठलं रेकॉर्डिंग घेऊ?’ असं कुणी विचारलं की जाणकार अजून या संचाकडे बोट दाखवतात. मला विचाराल तर ब्राम्सच्या पहिल्या कॉन्चेर्टोपासून सुरुवात करा. त्यात पियानो आत येतो तो कसलाही गाजावाजा न करता. ऑर्केस्ट्राचं वादळ शमल्यावर कुणी हळू आवाजात आपलं म्हणणं मांडावं, तसा. फ्लायशर ती जागा इतकी साधी ठेवतात की पुढचा सगळा डोंगर तिच्यावर उभा राहतो.

हाताला नक्की झालं काय

1964. फ्लायशर 36 वर्षांचे. पुढल्या वर्षी सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर सोव्हिएत रशियाचा मोठा दौरा ठरला होता. तयारी जोरात चालली होती, आणि उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आत वळायला लागली. सुरुवातीला नुसता आळस आल्यासारखं वाटलं. त्यांनी तेच केलं जे शंभरातले नव्याण्णव वादक करतील: बोटं ऐकत नाहीत ना, मग आणखी रियाज. दिवसाला सात-आठ तास. बोटं आणखी वळली. काही महिन्यांत दोन्ही बोटं तळहातात रुतून बसली. सेलनी ऐकलं आणि दौऱ्याला येता येणार नाही असं सांगितलं.

पियानोत या दोन बोटांचं काम काय, ते आधी पाहू. आपली पेटी डोळ्यांसमोर आणा. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. पियानोला भाता नाही, 88 पट्ट्या आहेत आणि दोन्ही हात वाजवतात. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार. बहुतेक रचनांत मुख्य धून सगळ्यांत वरच्या सुरांत असते, म्हणजे उजव्या टोकाला. उजव्या हाताचं उजवं टोक कुठलं? करंगळी. म्हणजे धून गाण्याची जबाबदारी पडते ती हातातल्या सगळ्यांत दुबळ्या दोन बोटांवर, आणि बाकीची तीन धट्टीकट्टी बोटं आतली भर घालतात. पियानोवादकाचं अर्धं आयुष्य या दोन बोटांना गायला शिकवण्यात जातं. फ्लायशर यांची नेमकी तीच गेली.

दुखत नव्हतं. सूज नव्हती, हाड मोडलेलं नव्हतं, नस तुटलेली नव्हती. कप उचलता येई, शर्टाची बटणं लावता येत. पियानोवर हात ठेवला की बोटं आत. डॉक्टर चक्रावले, काहींनी हे मनाचे खेळ असावेत असंही सुचवलं. या दुखण्याला आज फोकल डिस्टोनिया म्हणतात. डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आवळून राहणं. फोकल म्हणजे ते शरीराच्या एकाच भागापुरतं असणं. वादकांमध्ये ते बहुधा एकाच कामापुरतं असतं. कारकुनी करणाऱ्यांना पेन धरलं की बोटं आवळण्याचा जो जुना विकार आहे, तो याचाच सख्खा भाऊ. धंदेवाईक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला हे होतं असा अंदाज सांगतात. बोलतात मात्र फार थोडे, कारण बोलणं म्हणजे काम जाणं.

बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. मेंदूच्या वरच्या थरात शरीराच्या प्रत्येक भागाचा एक नकाशा असतो. त्यात पाचही बोटांना शेजारी शेजारी स्वतंत्र जागा आहे. एक बोट हलवायचं तर त्याच्या जागेतून हुकूम जातो आणि त्याच वेळी शेजारच्या बोटांना ‘तुम्ही गप्प बसा’ असा उलटा हुकूम जातो. हा दुसरा हुकूम पहिल्याइतकाच महत्त्वाचा. शेजारी शेजारी शेतं असावीत आणि मधल्या बांधांवरून रोज इतकी ये-जा व्हावी की बांधच झिजून जावेत, तसं या विकारात होतं. बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात, गप्प बसण्याचा हुकूम कमजोर पडतो. मग तर्जनी हलवली की अनामिकाही उठते, आणि तिला आवरायला गेलं की करंगळी आत वळते. 1990 च्या दशकात मेंदूच्या मोजमापांतून हे दिसूनही आलं: असा विकार असलेल्या वादकांच्या मेंदूत बोटांच्या जागा नेहमीपेक्षा एकमेकींच्या जवळ सरकलेल्या होत्या. माकडांना एकच हालचाल पुनःपुन्हा करायला लावली तेव्हा त्यांच्याही मेंदूतला हाताचा नकाशा असाच पुसट झाला.

तितकाच रियाज करून हजारो लोक धडधाकट राहतात, म्हणजे घोटणं हे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिक कल असावा लागतो असं मानतात. ताण आणि परिपूर्णतेचा ध्यास यांचीही भर पडते. पण फ्लायशर स्वतः दोष देत तो स्वतःच्याच यांत्रिक रियाजाला. आणि एकदा बांध झिजले की आणखी घोटणं म्हणजे चुकीची हालचालच पक्की करणं. बोटं रक्तबंबाळ होईस्तोवर वाजवल्याच्या, चिल्ला केल्याच्या, म्हणजे चाळीस दिवस कोंडून घेऊन रियाज केल्याच्या कथा आपल्याकडे मोठ्या कौतुकानं सांगतात. त्या कथा सांगणारे मागे राहतात. ज्यांची बोटं वळली ते दुसऱ्या कामाला लागलेले असतात, त्यांची कथा कुणी सांगत नाही. जर्मन रचनाकार रॉबर्ट शुमानचं उदाहरण सुदैवानं नोंदलेलं आहे. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट तरुणपणीच गेलं, पियानोवादक व्हायचं राहून गेलं, आणि आजचे काही डॉक्टर त्यालाही हाच विकार असावा असं म्हणतात.

डावा हात

पुढची काही वर्षं फ्लायशर यांच्या आयुष्यात अंधार होता. संसार मोडला, जीव द्यायचे विचार आले. हे त्यांनीच नंतर मोकळेपणानं सांगितलं. केस वाढवून शेपटी बांधली, दाढी राखली, स्कूटर घेतली. उपायांची यादी तर विचारू नका. ॲक्युपंक्चर, संमोहन, इंजेक्शनं, मालिश, झेन. जे कुणी सांगेल ते. आपल्याकडे असते तर एखाद्या वैदूकडेही जाऊन आले असते.

या सगळ्यात दोन गोष्टी टिकल्या. एक शिकवणं. बॉल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते 1959 पासून शिकवत होतेच. आता हातानं वाजवून दाखवता येईना, तेव्हा शब्दांनी सांगावं लागलं, आणि त्यामुळे आपण अधिक चांगले शिक्षक झालो असं ते म्हणत. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस हे त्यांचे शिष्य. ऑर्केस्ट्रा चालवायलाही ते याच काळात लागले. दुसरी गोष्ट म्हणजे फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत.

असं संगीत आहे, हेच पुष्कळांना माहीत नसतं. ते मोठ्या प्रमाणावर तयार झालं ते एका माणसाच्या हट्टामुळे आणि पैशामुळे. पाउल विट्गेनश्टाइन, व्हिएन्नातल्या गडगंज घरातला पियानोवादक, तत्त्वज्ञ लुडविगचा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात 1914 मध्ये त्याचा उजवा हात कापावा लागला. युद्धकैदी म्हणून सैबेरियात गेला आणि तिथेच त्यानं एका हातानं वाजवायचं ठरवलं. परतल्यावर त्यानं त्या काळातल्या नामवंत रचनाकारांना पैसे मोजून डाव्या हातासाठी लिहायला लावलं. रावेल, प्रोकोफिएव, हिंडेमिट, रिचर्ड श्ट्राउस, नंतर ब्रिटन. घर कधीचं ख्रिस्ती झालेलं, पण आजी-आजोबांपैकी तिघं मूळचे ज्यू, म्हणून नाझींच्या लेखी तो ज्यूच. 1938 मध्ये त्यालाही देश सोडावा लागला.

त्याचा स्वभाव मोठा तऱ्हेवाईक. प्रोकोफिएवनं कॉन्चेर्टो पाठवला, तर यातला एक सूरही मला कळत नाही, मी वाजवणार नाही, असं कळवून मोकळा झाला. हिंडेमिटनं 1923 मध्ये लिहिलेली रचनाही त्यानं वाजवली नाही आणि हस्तलिखित दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिलं नाही. रावेलचा कॉन्चेर्टो मात्र 1932 मध्ये व्हिएन्नात वाजवला, आणि तीच या सगळ्या प्रकारातली सगळ्यांत थोर रचना आहे.

एका हाताची रचना म्हणजे अर्धा पियानो, असं वाटणं साहजिक आहे. तसं नाही. डाव्या हाताचा अंगठा हाताच्या उजव्या बाजूला असतो, म्हणजे वरच्या सुरांकडे. उजव्या हातात धून करंगळीच्या वाट्याला येते, तर डाव्या हातात ती येते अंगठ्याच्या वाट्याला, हातातल्या सगळ्यांत दणकट बोटाच्या. खालचा खर्ज करंगळीनं घ्यायचा, उजव्या पायानं पेडल दाबून तो तरंगत ठेवायचा, आणि तो विरायच्या आत हात झपकन वर नेऊन मधली भर आणि धून वाजवायची. कानाला दोन हातच ऐकू येतात. रावेलच्या त्या कॉन्चेर्टोची सुरुवात ऐका. अगदी तळातून, घशातल्या घशात गुरगुरल्यासारखी वाद्यं निघतात, ऑर्केस्ट्रा चढत चढत फुटतो, आणि मग पियानो एकटाच आत येतो. न सांगता ऐकवलं तर एक हात आहे असं कुणी म्हणणार नाही. वाजवणाऱ्याची मात्र कंबर मोडते, कारण एकाच हाताला सगळ्या पट्ट्यांवर धावायचं तर धड सतत वळत राहतं.

फ्लायशर यांची डाव्या हाताची आणखी एक आवडती रचना म्हणजे बाखच्या व्हायोलिनवरच्या शाकोनची (एका छोट्या मुखड्यावर पुनःपुन्हा विस्तार करत जाणाऱ्या रचनेची) ब्राम्सनं केलेली आवृत्ती. ब्राम्सला दुखापत वगैरे काही नव्हती. व्हायोलिनच्या चार तारांवर एवढं मोठं विश्व उभं करताना वादकाला जी ओढाताण होते, ती पियानोवर अनुभवायची तर एकाच हातानं वाजवलं पाहिजे, असा त्याचा विचार. त्यानं ती 1877 मध्ये रॉबर्ट शुमानची बायको, पियानोवादक क्लारा शुमान हिला पाठवली. योगायोग असा की नेमका तेव्हाच एक खण उघडताना तिच्या उजव्या हाताची शीर ताणली होती.

1982 मध्ये बॉल्टिमोरला नवं मायरहॉफ सभागृह उघडलं, तेव्हा फ्लायशर दोन्ही हातांनी वाजवणार अशी बातमी झाली. आदल्या वर्षी मनगटावर शस्त्रक्रिया झाली होती, थोडा फरकही वाटत होता. ठरला होता बीथोवनचा चौथा कॉन्चेर्टो. हात साथ देईना म्हणून आयत्या वेळी त्यापेक्षा झेपेल अशी सेझार फ्रांकची रचना घेतली. टीव्हीचे कॅमेरे, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, वर्तमानपत्रांत चमत्काराच्या बातम्या. प्रेरणादायी गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. फक्त फ्लायशरना कळत होतं की हात बरा झालेला नाही. पुढचे दोन हातांचे कार्यक्रम रद्द करून ते डाव्या हाताकडे परतले. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातला हा निर्णय सगळ्यांत धैर्याचा वाटतो. टाळ्या चालू असताना ‘अजून जमत नाही’ म्हणायला फार मोठी छाती लागते. पुढे कंडक्टर सेइजी ओझावा आणि बोस्टन सिंफनीबरोबर त्यांनी रावेल, प्रोकोफिएव आणि ब्रिटन यांच्या डाव्या हाताच्या रचना रेकॉर्ड केल्या.

बोटॉक्स

1990 नंतर त्यांच्या विकाराला नाव मिळालं आणि उपायही. बोटॉक्स म्हटलं की सुरकुत्या घालवणाऱ्या नट्या आठवतात, पण हे औषध मुळात स्नायूंच्या विकारांसाठी आलं. ते एका जिवाणूचं जालीम विष आहे, अतिसूक्ष्म मात्रेत दिलेलं. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला ‘आवळ’ असा निरोप एका रसायनामार्फत जातो. बोटॉक्स ते रसायन बाहेर पडू देत नाही. निरोप पोहोचत नाही, स्नायू सैल पडतो. सुई बोटांत टोचत नाहीत, कोपराखालच्या भागात टोचतात. बोटं मुठीत वळवणारे मोठे स्नायू तिथे असतात. बोटांपर्यंत नुसत्या दोऱ्या पोहोचतात. विश्वास बसत नसेल तर एक हात टेबलावर ठेवून करंगळी आत वळवा आणि दुसऱ्या हातानं कोपराखाली चाचपून बघा.

मात्रा कमी पडली तर बोट वळतंच, जास्त झाली तर उचललंच जात नाही. असर तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई. मेंदूतला नकाशा काही दुरुस्त होत नाही. फ्लायशर यांचा दंड आणि हातही वर्षानुवर्षांच्या ताणानं लाकडासारखा कडक झाला होता, तो मोकळा करायला खोल मालिशीचे उपचारही चालूच ठेवावे लागले. आपण बरे झालो असं ते कधीच म्हणाले नाहीत. बसायच्या आधी त्या दिवशी हात काय म्हणतोय ते बघायचं, आणि कुठलं बोट कुठे वापरायचं याची जुळणी नव्यानं करायची.

एवढ्या सांभाळानं त्यांनी 1995 च्या सुमारास मोत्सार्टपासून पुन्हा सुरुवात केली. 2003 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं. 2004 मध्ये दोन हातांचं रेकॉर्डिंग आलं: बाख, स्कार्लाटी, शोपाँ, देब्युसी आणि शेवटी शूबर्टचा बी-फ्लॅटमधला शेवटचा सोनाटा. यात बोटांची आतषबाजी नाही. रचना निवडल्यात त्याही बहुतेक संथ, आणि हे कसब कमी पडल्याचं लक्षण आहे असं कुणी म्हणालं तर ते खोडून काढता येणार नाही. पण शूबर्टच्या त्या सोनाट्यात पहिलीच धून संपता संपता खाली खर्जात एक अस्पष्ट थरथर येते, आणि मग शांतता. त्या शांततेला घाई नाही. तिथे मला ती तीन माणसं ऐकू येतात: एक पुढचा सूर आधीच ऐकणारा, एक वाजवणारा, एक तपासणारा. बोटं त्यातल्या एकाचीच होती.

त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी बर्लिनमध्ये कंडक्टर सायमन रॅटल यांच्याबरोबर हिंडेमिटची ती दडवलेली डाव्या हाताची रचना पहिल्यांदा लोकांसमोर वाजवली. विट्गेनश्टाइनच्या वारशातून हस्तलिखित 2002 मध्ये बाहेर आलं होतं. लिहून झाल्यावर 81 वर्षांनी पहिलं वादन. आणि दोन हात परत मिळालेल्या माणसानं ते एका हातानं केलं.

2007 मध्ये अमेरिकेचा केनेडी सेंटर सन्मान मिळाला. इराक युद्धामुळे बुश सरकारवर ते भयंकर चिडलेले होते. व्हाइट हाऊसच्या समारंभाला जावं की नाही हा प्रश्न पडला. गेले, पण गळ्यात शांततेचं चिन्ह घालून. आणि आपल्याला तिथे उभं राहताना काय वाटलं ते नंतर वर्तमानपत्रात लिहूनही टाकलं. आईच्या दोन पर्यायांपैकी पहिला त्यांनी निवडला नव्हता, तरी राष्ट्राध्यक्षांना दोन शब्द सुनावायचं राहून गेलं नाही.

आपल्यासारखी बोटं वळलेल्या तरुण वादकांसाठी ते शेवटपर्यंत जाहीरपणे बोलत राहिले. दुखण्याची लाज वाटून घेऊ नका, आणि दुखतंय तर रियाज वाढवू नका, थांबा, असं त्यांचं सांगणं असे. 2 ऑगस्ट 2020 रोजी बॉल्टिमोरमध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी, कर्करोगानं ते गेले. करोनाचे दिवस होते, शिकवण्या ऑनलाइन चालू होत्या. आदल्याच आठवड्यापर्यंत ते शिकवत होते, असं त्यांच्या मुलानं सांगितलं.